पोटात हवा नसलेला टायर

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. टायर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे हवा भरलेलं, टणटणीत चाक येत असेल. पण माझ्या पोटात हवा नाही. एके काळी होती. ती का गेली आणि तिच्या जागी काय आलं, ते मला तुम्हाला सांगायचं आहे.

तरुणपणी मी काशीरामदादांच्या पांढऱ्या फियाटचा पुढचा डावा टायर होतो. दादांची वसईच्या खाडीकाठी शेती. शेतीला जोड म्हणून ते गाडी भाड्याने फिरवत. होळी गावात टायरचं दुकान चालवणारे प्लासिडकाका त्यांचे जिवलग मित्र. मला खिळा लागला की दादा थेट त्यांच्याकडे येत. काका माझी ट्यूब पाण्याच्या टबात धरत आणि बुडबुडा दिसला की त्यावर बोट ठेवून म्हणत, "सापडला चोर!" मग घासून, सोल्यूशन लावून ठिगळ बसवत. त्यांच्या हातांची मला सवय झाली होती. मला ते हात आवडत.

१९९६ सालच्या मे महिन्यात राजोडीला प्लासिडकाकांच्या पत्नीच्या, म्हणजे पॉलिनकाकींच्या भाचीचं लग्न होतं. दुपारचं जेवण चालू असताना काकींच्या हातातला पेला गळून पडला. तोंड वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. काकांनी त्यांना उचलून लग्नाला आलेल्या दादांच्या गाडीत ठेवलं आणि दादांनी गाडी वसईच्या दवाखान्याकडे सोडली. अर्ध्या वाटेत एक खिळा माझ्यात शिरला आणि बघता बघता मी जमिनीला टेकलो.

दादांनी डिकीतून स्टेपनी काढली. तीही बसलेली! आठ दिवसांपूर्वी काकाच म्हणाले होते, "राहू दे दुकानात, हवा भरून ठेवतो." कामाच्या गडबडीत ते राहून गेलं आणि स्टेपनी तशीच डिकीत परत गेली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला.

काकी वाचल्या. चालू लागल्या, बोलू लागल्या. पण डावा हात अधू राहिला. काकांना कुणी बोल लावला नाही. डॉक्टर म्हणाले, लवकर आला असतात तरी हात वाचला असताच असं सांगता येत नाही. काका ऐकून घेत आणि मान खाली घालत.

"काशीराम," एक दिवस ते म्हणाले, "तुझ्या गाडीचे चारही टायर मला दे. हवाच नसली तर पंक्चर कसलं होणार?"

"दिले," दादा म्हणाले. "पन गाडी चालंल ना रे?"

माझा दुसरा जन्म व्हायला सात महिने लागले. तोवर दादांची गाडी दुसऱ्या टायरांवर चालली. काका जुन्या ट्रकच्या टायरांच्या पट्ट्या कापत, त्यांना सोल्यूशन लावत आणि एकावर एक दाबून माझ्या पोटात ठासत. कधी पट्टी सरकायची, कधी मी एका बाजूला फुगायचो. काका सगळं उपसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. काकी शेजारच्या स्टुलावर बसून उजव्या हाताने पट्ट्या मोजून देत. शेवटी आम्ही चौघे तयार झालो. मी इतका जड झालो होतो, की मला उचलायला दोन माणसं लागली.

त्या रविवारी मिस्साची प्रार्थना संपल्यावर काकांनी चर्चच्या पटांगणात खिळे ठोकलेली फळी ठेवली आणि दादांनी तिच्यावरून गाडी नेली. एकदा नव्हे, चार वेळा. मला काही झालं नाही! लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेकरीवाले बर्नार्ड वाकून माझ्यावर थाप मारत म्हणाले, "प्लासिड, तू तर तुझ्याच धंद्यावर पाणी सोडलंस!" सगळे हसले. काकाही हसले. लग्नाच्या त्या दुपारनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. मित्रांनो, मला फार अभिमान वाटला.

वर्षभर आम्ही काटे, काचा, खिळे तुडवत फिरलो आणि एकदाही वाटेत थांबलो नाही. पण माझ्यातला एक दोष मला पहिल्याच दिवशी कळला होता. हवा होती तेव्हा रस्त्यातला खड्डा मी अर्धा तरी पोटात घेत असे. आता मी तो जसाच्या तसा वर पाठवत होतो. आणि वर, माझ्या बरोबर डोक्यावरच्या सीटवर, काकी बसत. प्रत्येक दणक्याला त्या डावा हात उजव्या हाताने घट्ट धरून ठेवत. काकांनी मागून विचारलं, की म्हणत, "छान चाललीय." दादांचेही खांदे स्टिअरिंग वळवून भरून येत. तेही बोलत नसत. मित्राचं हसू परत आलं होतं, ते कोण घालवणार?

मला तर तोंडच नव्हतं.

मग काकींना तपासणीसाठी बोरिवलीला न्यायचा दिवस आला. तोवर आम्ही गावातल्या रस्त्यांवर हळूहळू फिरलो होतो. हायवेला लागल्यावर उशीर होतोय म्हणून दादांनी वेग वाढवला. मी तापू लागलो. हवेचा टायरही तापतो, पण माझ्या पोटात रबरावर रबर घासत होतं आणि आतली धग बाहेर पडायला वाट नव्हती. जळका वास सुटला. गाडी थरथरू लागली. आणि माझ्या कडेचा हातभर लचका तुटून उडाला.

गाडी डावीकडे ओढली गेली. दादांनी सारं बळ लावून ती कशीबशी कडेला उभी केली. बाजूने एक ट्रक भोंगा वाजवत निघून गेला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

काका खाली उतरले. माझ्यातून निघणारा धूर बघत म्हणाले, "या वेळी पट्ट्या नीट बसल्या नाहीत. मी पुन्हा..."

"नको," काकी म्हणाल्या.

"अगं, सुधारता येईल."

"अहो, माझी पाठ मोडून गेलीय. वर्षभर मोडतेय. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी गप्प बसले, ते चुकलं माझं." काकी गाडीतून उतरल्या आणि काकांसमोर उभ्या राहिल्या. "माझा हात तुम्ही नाही घालवलात. पण तसं समजून तुम्ही मला रोज त्या दिवसात नेऊन बसवता. मला आता पुढे जायचंय."

काका हायवेच्या कडेला दगडावर बसले आणि ओंजळीत तोंड लपवून रडले. दादांनी पाण्याची बाटली पुढे केली. "पानी पी," ते म्हणाले. "माझे बी खांदे गेलेत रे. मी बी बोललो नाय."

दुसऱ्या दिवशी गाडीला हवेचे टायर बसले. आम्ही चौघे दुकानामागे पडलो. माझ्यावर शेवाळ धरलं, कोंबड्यांनी माझ्या मधल्या पोकळीत अंडी घातली. दोन वर्षं मला कुणी हात लावला नाही. वाईट वाटे. काका जाता-येता मान दुसरीकडे फिरवत, त्याचं जास्त वाईट वाटे.

एक दिवस दादांच्या पत्नी, बाजारात भाजी विकणाऱ्या जिजाकाकी आल्या. "भावजी, माझ्या हातगाडीची चाकं खाडीवरच्या काट्यांनी रोज बसतात. ते जाड टायर पडून हायत ना? द्या की!"

काका आधी नाही म्हणाले. मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांनी हातोडी मागितली. माझा तुटलेला भाग साफ केला, नवी पट्टी बसवली आणि मला नि माझ्या एका भावाला हातगाडीच्या आसावर चढवलं. तेव्हापासून मी मुळा, पालक आणि केळीचे घड वाहतो. माणसाच्या चालीने चालतो, त्यामुळे तापत नाही. मुळ्याला दणक्यांचं काही वाटत नाही. बाभळीचे काटे मला गुदगुल्या करतात.

गेल्या वर्षी, २००५ साली, विरारच्या फुलपाड्याची उन्नती नावाची एक मुलगी बाजारात आली होती. ती इंजिनिअरिंगला आहे. भाजी घ्यायची सोडून ती माझ्यासमोर उकिडवी बसली. "हे सॉलिड आहे! परदेशात आता असे बिनहवेचे टायर बनवतायत, मी वाचलंय. कुणी केला हा?"

जिजाकाकींनी तिला दुकानात पाठवलं. संध्याकाळी काका तिला घेऊन माझ्याकडे आले, पॉलिनकाकीही आल्या.

"अंकल, मग हा गाडीवर का नाही चालला?" उन्नतीने विचारलं.

काकांनी काकींकडे पाहिलं. मग ते खाली बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. वजन, दणके, हायवेवरची धग. स्टेपनीत हवा भरायची राहिली होती, तेसुद्धा. आजवर बाहेरच्या माणसाला त्यांनी ते कधीच सांगितलं नव्हतं. उन्नती वहीत लिहून घेत होती. स्टेपनीपाशी तिचं पेन थांबलं.

"हेही लिही," काका म्हणाले. "धग बाहेर जायला वाट ठेव. दणका पोटात घेईल असं काहीतरी शोध. तुझा टायर माझ्यापेक्षा चांगला होईल."

आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला. तोच जुना हात.

मित्रांनो, उन्नतीसारखं कुणी उद्या खरंच चांगला बिनहवेचा टायर करील. तोवर तुमच्या घरच्या गाडीची, सायकलची हवा बघत जा, स्टेपनीची तर नक्कीच बघा. आणि गाडीत बसलेल्या माणसाला त्रास होतोय का, ते विचारा. नाही म्हणालं, तरी थोडं थांबून पुन्हा एकदा विचारा.