पाण्याखालचं रान

खाणीच्या मॅनेजरने वाकून लोखंडी दारातून गुहेत पाऊल टाकलं. अंगात बर्फाचं जाकीट असूनही भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. पुढे चाललेल्या धाकट्या बहिणीने मागे वळून बजावलं,

"दादा, डोकं गरगरलं की लगेच सांगायचं. इथे तुझी साहेबी चालणार नाही."

तो चांगली बातमी घेऊन आला होता. खाणीतला धातू संपत आला होता आणि कंपनीला गाशा गुंडाळायचा होता. खाण बंद म्हणजे पाणी उपसणारे पंप बंद, आणि पंप बंद म्हणजे ही गुहा पुन्हा पाण्याखाली. बहिणीचं सगळं संशोधन कंपनीच्याच खर्चाने चाललेलं. वरच्यांच्या नाकदुऱ्या काढून, शेवटी राजीनाम्याची भाषा करून, त्याने आणखी पाच वर्षं पदरात पाडून घेतली होती.

तिने दिवा वर धरला आणि तो बोलायचंच विसरला.

जमिनीतून, भिंतींतून, छतातून झाडांच्या खोडांएवढे स्फटिक आडवेतिडवे निघाले होते. उजेड एकातून दुसऱ्यात शिरत पार आतवर गेला. उभा जन्म त्याने हा डोंगर पोखरला होता. त्याच्या पोटात हे असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. त्याचा हात हेल्मेट काढायला वर गेला आणि तसाच राहिला.

"कधीपासूनचे गं हे?"

"माणूस नव्हता तेव्हापासूनचे. गरम पाण्यात, अंधारात वाढलेले."

मग त्याला बातमी आठवली.

"पाच वर्षं मिळाली तुला. पंप चालू राहणार."

तिने त्याचा हातमोजा उतरवला आणि त्याची बोटं जवळच्या स्फटिकावर टेकवली. तो खरखरीत, निस्तेज होता. बोटांना पांढरी भुकटी लागली.

"पाणी उपसल्यापासून असं होतंय. हवा सोसत नाही त्यांना."

"आणि पाणी परत भरलं तर?"

"पुन्हा वाढायला लागतील."

"आणि तुझं काय?"

"माझं? मी तशीही वाढतेच आहे, कपडे होत नाहीत," ती हसली. मग तिने तोंड फिरवलं.

तो बोटांवरच्या भुकटीकडे बघत राहिला.

"चल दादा, बास झालं. घाम बघ किती आलाय."

तो हलला नाही.

"थांब जरा," तो हळूच म्हणाला. "नीट बघून घेऊ दे. परत दिसायचे नाहीत."