सव्वीस उन्हाळे

“सही करा ना, अम्म फर्जानी. तुमचं काय जातंय? उद्यापासून तुम्ही रिटायर.”

केंद्रातल्या तरुण शास्त्रज्ञ डॉक्टर सिहामनं कागद पुढे सरकवला. त्यावर एकच ओळ टाईप केलेली होती : ‘उन्हाळ्यातले नमुने तपासताना मी सिगारेट ओढत होतो.’

फर्जानीनं चष्मा पुसून ओळ पुन्हा वाचली. ओळ तीच होती.

ट्युनिशियातल्या सफाक्सच्या समुद्र-केंद्रात तो एकोणतीस वर्षं मदतनीस; सगळे त्याला ‘अम्म’, म्हणजे काका, म्हणत. होडीतून बारीक जाळं ओढायचं, त्यात येणारे मोहरीहून लहान जीव गाळलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडायचे आणि दिवसभरात त्यांनी किती अमोनिया टाकला ते मोजायचं. थोडक्यात, किड्यांचं मूत मोजायचं. बायको झोहरा शेजारणींना “आमचे हे सरकारी नोकरीत” एवढंच सांगे आणि पुढचं गिळून टाके.

हिवाळ्यात वारा समुद्र ढवळतो, तळाचं खत वर येतं. उन्हाळ्यात मात्र तापलेलं पाणी वर झाकणासारखं बसतं, खालून काही म्हणजे काही येत नाही. मग पाण्यातलं बारीक शेवाळ जगतं कशावर? फर्जानीच्या बाटल्या दर उन्हाळ्यात उत्तर द्यायच्या. अमोनियाचा आकडा भरमसाट, आणि अमोनिया म्हणजे शेवाळाचं खतच! शेवाळ खाणारे तेच जीव शेवाळाला पोसतही होते.

पण अमोनिया सिगारेटच्या धुरातही असतो. तेव्हाचे संचालक आकडा बघून हसले होते. “फर्जानी, हा समुद्र नाही, तुझा धूर आहे.” आणि लाल पेनानं काट. फर्जानीनं त्याच आठवड्यात सिगारेट सोडली. कॉफीच्या दुकानात सिगारेट ओढणाऱ्या मित्रांशेजारी बसणंसुद्धा सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात आकडा तेवढाच आला, आणि काटही तेवढीच लांब. असे सव्वीस उन्हाळे.

यंदा सिहामनं स्वतः बाटल्या लावल्या. तिचा आकडा त्याच्या आकड्याशी जुळला, त्या दिवशी तो घरी खजुराची मकरूद मिठाई घेऊन गेला होता. वेडा!

“माझा शोध छापून येतोय,” सिहाम म्हणाली. “लोक विचारणार, जुने आकडे का खोडले? तेव्हाचे संचालकसाहेब आता मोठ्या जागेवर आहेत. तुमची सही आली की मिटलं.”

“बेटी, मी ओढत नव्हतो हे तुला ठाऊक आहे?”

“आहे.”

“मग?”

“मग काय. मला अजून वीस वर्षं इथंच काढायचीत.”

फर्जानीनं कागद तिच्याकडे परत सरकवला. “त्या किड्यांची सही घे. धूर सोडला असेल तर त्यांनीच.”

ती हसली नाही. तिनं फोन उचलला.

चार वाजता तो नवा सदरा घालून हॉलमध्ये आला, तेव्हा शिपाई बूबकर एकटाच खुर्च्या एकावर एक रचत होता.

“अम्म, वरून निरोप आलाय. आजचा तुमचा सेंड-ऑफ रद्द.” बूबकरला मान वर करवेना. “मी मघाशीच मांडल्या होत्या सगळ्या.”

“लांब टेबल तुला एकट्याला झेपायचं नाही,” फर्जानी म्हणाला, आणि बाह्या दुमडून त्यानं दुसरं टोक धरलं.