ओमेशने भरलेली हवा

मी एक जुनी ट्रॅक्टरची ट्यूब आहे. अंगावर ठिगळं इतकी, की मूळचं रबर कुठलं आणि जोडलेलं कुठलं, हे माझं मलाही सांगता येत नाही. पण मित्रांनो, मला माझ्या रबराची नाही, माझ्या पोटातल्या हवेची गोष्ट सांगायची आहे.

उमेदीची वर्षं माझी तिरोड्याकडच्या धानाच्या बांध्यांमध्ये गेली. चिखलणीच्या दिवसांत मागच्या चाकात बसून मी गुडघाभर गाळ तुडवला. पुढे बांधीतलं धान डोलायला लागलं, की मला माझंच कौतुक वाटायचं. मग काट्याखिळ्यांनी मला पोखरलं आणि मालकाने पंक्चरच्या दुकानामागे फेकून दिलं. तिथे उन्हात तडकत पडले असताना ओमेशने मला उचललं.

ओमेश ढिवराघरचा पोरगा, इटियाडोह धरणाच्या काठावर राहणारा. आमच्याकडे मासे धरणारे ढिवर ट्यूबवर फळी बांधतात, तिच्यावर बसून पाण्यात जाळं टाकायला जातात. ओमेशने माझी भोकं बुजवली. मग आधी नळीला तोंड लावून दोन-चार श्वास फुंकले आणि नंतर पंप जोडला. रोज तसंच करायचा.

"दादा, पंप हाय ना! तोंडाने कायले फुकून राहिला?" धाकटी रेणू हसायची.

"पंपाची हवा मुकी रायते. माह्या हवेनं हे मले ओळखते."

खरंच ओळखायची मी त्याला.

पाण्याच्या मधोमध एक बेट आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं, की त्याच्या एका अंगाला रेतीचा काठ उघडा पडतो. माणूस नाही, काणूस नाही. टिटवी ओरडते आणि लहानशी लाट रेतीला शिवून मागे जाते. जाळं टाकून ओमेश तिथे बसून राहायचा आणि घरी येऊन आईला सांगायचा, "माय, पिठासारखी मऊ रेती हाय. येकदा चाल ना!"

"अन् मासोळ्या कोण विकन? तुहा बाप?"

त्याच्या आईने, शामकलाबाईने, जन्मभर या पाण्याचे मासे बाजारात विकले, पण बेटावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. वैशाखातल्या एका संध्याकाळी मात्र ती म्हणाली, "बरं बाप्पा, उद्या ने." ओमेशने लगेच मला फुगवलं, फळी घट्ट बांधली, भिंतीला टेकवून ठेवलं आणि अंगणात निजला.

झोपेतच त्याला मण्यार साप डसला. सकाळी मी भरलेली होते आणि मला नेणारा उरला नव्हता.

काही दिवसांनी त्याचा बाप केशोराव पंप घेऊन माझ्याकडे आला. शामकलाबाई आडवी आली.

"हात नोका लावू जी. माह्या पोराचा श्वास हाय त्यात."

तिने मला आपलं जुनं लुगडं पांघरलं. रोज सकाळी ती माझ्यावर तळवा ठेवून पाहायची. आणि मित्रांनो, मी रोज थोडी मऊ लागायची. ठिगळांच्या कडांतून तो हळूहळू निघून जात होता. त्याला धरून ठेवणं माझ्या हाती नव्हतं.

मृग जवळ आला. पाणी चढलं की रेतीचा काठ बुडणार होता. एका सकाळी रेणू आईजवळ येऊन बसली.

"माय, दादानं हे हवा भिंतीले टेकवाले भरली होती का वो? तुले न्यावाले भरली होती. आता सारीच जाऊन राहिली. मंग कायच्यावर जाशीन?"

शामकलाबाईने माझ्यावरचं लुगडं बाजूला केलं. मग म्हणाली, "पंप नोको. मीच फुकतो."

तिने माझ्या नळीला ओठ लावले. फुंकता फुंकता तिला ठसका लागला. "सरक, मले दे," म्हणत केशोराव खाली बसला. त्याच्यानंतर रेणू. ओमेशच्या उरल्यासुरल्या श्वासात तिघांचे श्वास मिसळले आणि मी ताठ झाले.

केशोराव आपल्या ट्यूबवर पुढे, मागे दोरीने बांधलेली मी, माझ्यावर शामकलाबाई. रेतीला लागलो, तेव्हा तिने चपला हातात घेतल्या. काठावर चुलीचे काळवंडलेले तीन दगड होते.

"इथंच बसे का तो?"

"इथंच. म्हणे, इथून आपलं घर दिसते."

तिने मान वर केली. पलीकडे खरंच घर दिसत होतं, बोटाएवढं, आणि अंगणात रेणू. शामकलाबाई रेतीवर बसली आणि गुणगुणली,

*पाण्याच्या पल्याड माझ्या बाळाचं अंगण*
*रेतीवर त्याच्या पावलांचं गोंदण*

परतल्यावर रेणू मला पुन्हा भिंतीला टेकवू लागली.

"तेथं नोको ठेवू," शामकलाबाई म्हणाली. "पंप मार तिले. उद्यापासून तू जाजो बाच्या संगं जाळं टाकाले."

रेणूने नळीला तोंड लावलं, दोन-चार श्वास फुंकले आणि मगच पंप जोडला.

आता तो काठ पाण्याखाली आहे. रेणूला घेऊन मी त्याच्यावरून तरंगत जाते. ओमेशची हवा माझ्यात किती उरली, मला ठाऊक नाही. मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू तुमच्या घरी असेल, तर तिला ऊन लागू देऊ नका, फाटली तर ठिगळ लावा. पण भिंतीला टेकवून ठेवू नका. ती कुठेतरी निघालेली असते. तिला तिथवर न्या.