बरोबर सांगितलंत

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या मास्तरांच्या तोंडाला विश्रांती ठाऊक नव्हती. "क्लच दाबा, आरसा बघा, अहो, घाबरता कशाला!" समोरच्याने हो म्हणायच्या आत पुढची सूचना सुटलेली असायची. एक शिकाऊ बाई भर चौकात रडत गाडीतून उतरून गेली, तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकीणबाईंनी मास्तरांना विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गात धाडलं. विषय होता संवाद आणि श्रवण.

"या वयात मला ऐकायला शिकवणार म्हणे!" मास्तर घरी येऊन हसले. बायको हसली नाही.

वर्गात सगळी लेकीसुनांच्या वयाची पोरं. प्राध्यापिकाबाईंनी मास्तरांना लगेच ओळखलं. "तुम्ही ऐकत नाही, तुमची पाळी कधी येते त्याची वाट बघता." मास्तरांना झोंबलं, पण पटलंही. मग गृहपाठ मिळाला. घरच्या माणसाचं मन लावून ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, आणि शेवटी काय ऐकलं ते आपल्या शब्दांत सांगायचं.

जेवणं झाल्यावर मास्तर स्वयंपाकघरातच बसून राहिले. "बोल. मी गप्प."

"तुम्ही? गप्प?" बायको म्हणाली. मग सिंकखालच्या गळतीबद्दल थोडं बोलली. प्लंबरचं नाव मास्तरांच्या ओठांवर आलं, ते त्यांनी गिळलं. ती हातातल्या फडक्याच्या घड्या घालत राहिली.

"आई आजारी होती तेव्हा म्हटलं होतं, मला आजच जायचंय. तुम्ही म्हणालात, रविवारी गाडीने जाऊ, तोवर काही होत नाही. मी पुन्हा म्हटलं. तुम्ही टायरमधल्या हवेचं बोलत होतात."

सासूबाई रविवारच्या आधीच गेल्या होत्या.

"अगं, पण डॉक्टरच तेव्हा..." मास्तरांनी जीभ चावली.

"एकटी बसने गेले असते तर भेट झाली असती. तो दोष माझाच. पण तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसंच वाटेना. नुसतं होला हो करत आले. मी ताईकडे राहायला जातेय. कधीची सांगीन म्हणते, पण तुम्ही बोलायला फट ठेवाल तर ना!"

तिने विचारलं, "आता सांगा, काय ऐकलंत?"

"तुला आईला भेटायचं होतं. तू दोनदा सांगितलंस. मी... मी तुला भेटू दिलं नाही. आणि आता तुला माझ्याजवळ राहायचं नाही."

"बरोबर सांगितलंत," ती म्हणाली आणि फडक्यात तोंड खुपसून रडली. मास्तरांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो हळूच बाजूला केला.

तिच्या बॅगा त्यांनीच गाडीत ठेवल्या. वाटभर ती आईबद्दल बोलत होती. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी त्यातलं काहीच ऐकलं नव्हतं.

परीक्षेत मास्तर चांगल्या गुणांनी पास झाले. शिकाऊ लोक आता आवर्जून त्यांनाच मागतात. बायकोचा अधूनमधून फोन येतो. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, "परत येशील का?"

"नाही हो," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. मग ती सांगू लागली, ताईकडे भिंतींना रंग लावायचं काम निघालंय, घरभर पसारा झालाय.

"कुठला रंग?" मास्तरांनी विचारलं, आणि ती सांगत होती तोवर डोळे पुसत ऐकत राहिले.