दुसरा चमचा

"खोकल्याचीच बाटली होती हो मॅडम," ताई म्हणाली. "शेजारणीकडे उरलेली. हा खोकून खोकून बेजार झाला होता, म्हणून मी दिलं. चूक माझी."

कोर्टाच्या देखरेख अधिकारी बाईंनी उपचार केंद्रातल्या टेबलापलीकडून मान हलवली. ताईच्या धाकट्या भावाच्या तपासणीत अफूच्या जातीचं काहीतरी सापडलं होतं. खोकल्याच्या काही औषधांत ते असतं, हे त्यांना ठाऊक होतं. ताईला आज कळत होतं.

धाकटा सोफ्यांना कापड चढवायचा. हात असा, की शिवण शोधून सापडू नये. आई गेली आणि त्याला नशेच्या गोळ्यांची सवय लागली. घेता घेता विकूही लागला, आणि आत गेला. यंदा कोर्टाने त्याला शिक्षा संपायच्या आधीच सोडलं, पण अटींवर: बहिणीकडे राहायचं, उपचार केंद्रात यायचं, सांगतील तेव्हा तपासणी द्यायची. पाय घसरला, की उरलेली शिक्षा पुन्हा आत. हमी ताईने घेतली होती.

हॉटेलच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करताना ताईला एकच गोष्ट छळायची. त्या गोळीत असं होतं तरी काय? नवरा म्हणायचा, "कशाला कोळसा उगाळतेस?" पण तिला राग नव्हता, नवल होतं. धाकट्याच्या खिशात सापडलेली गोळी तिने एकदा जिभेला लावूनही पाहिली होती. नुसती कडू. एवढ्यासाठी?

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं, असंच ना?" बाईंनी धाकट्याला विचारलं. ताईने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

"पहिल्या चमच्याला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "घशाखाली उतरला आणि ओळख पटली. दुसरा मी मागून घेतला. म्हटलं, अजून खवखवतंय."

"खवखवत होतं?"

"नाही."

"अरे मेल्या, तोंडाला कुलूप लाव ना!" ताई ओरडली.

बाई पुढे झुकल्या. "दुसऱ्या चमच्याचं मी विचारलंही नव्हतं. का सांगितलंत?"

"काल मी उगाचच खोकलो, मॅडम. खोकला नसताना. ही लगेच बाटली आणायला उठली. मी नको म्हणालो खरा, पण घाबरलो. उद्या म्हणेन की नाही, कुणास ठाऊक."

ताईला राहवेना.

"पण होतं काय रे त्यात? मी चाखलीय ती गोळी. नुसतं कडू जहर."

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. घरी आल्यापासून धाकटा पहिल्यांदाच मोकळं हसला.

"काही होत नाही गं. आई गेलीय हे माहीत असतं, पण दुखत नाही. बाकी काही नाही."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढं तर ताईलाही कितीदा हवं होतं.

"मी खरं तेच लिहीन," बाई म्हणाल्या. "आत पाठवू नका, उपचार वाढवा, अशी शिफारस करीन. पण ठरवणार कोर्ट. आजपासून इथल्या, व्यसन सोडणाऱ्यांच्या रोजच्या गटात बसायचं. आत्ताच जा."

पुढे कोर्टाने बाईंचं मानलं, अटींची मुदत मात्र वाढवली. पण त्या दिवशी हे कुणालाच माहीत नव्हतं.

गटाच्या खोलीला काचेचं दार होतं. धाकट्याने भिंतीजवळची खुर्ची ओढली, गोलात जागा करून घेतली. बाकीचे बसूनच बोलले. त्याची पाळी आली तेव्हा तो उभा राहिला. बाहेर काही ऐकू येत नव्हतं. शेजारचा म्हातारा मोठ्याने हसला, मग डोळे पुसू लागला. काय सांगितलं असेल याने? ताईने काचेला कान लावला, आणि स्वतःचीच लाज वाटून मागे सरली.

कामावर उशीर झाला होता. ती निघाली, तेव्हा तो अजून उभाच होता.