साखर सोडलेल्या घरातला साखरेचा डबा

मी एक जुना साखरेचा डबा आहे आणि माझ्या धन्याने साखर सोडली आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगायला बसलेल्याची याहून मोठी पंचाईत तुम्ही ऐकली नसेल. छत्री सांगते की मला कुठेतरी विसरले. खुर्ची सांगते की माझा पाय मोडला. मला कोणी विसरले नाही आणि माझे काही मोडलेलेही नाही. मला विचारपूर्वक, डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडण्यात आले. तरीही मी धन्याच्याच बाजूने बोलणार आहे.

जन्माने मी बिस्किटांचा. कारखान्यात पत्र्याचा तुकडा कापून, वाकवून मला गोल केले आणि झाकणावर तळ्यात पोहणारे हंस छापले. त्यांतल्या एकाची आता मानच तेवढी उरली आहे. बिस्किटे संपली तेव्हा मला वाटले, आपलेही संपले. पण घरात रिकाम्या डब्याला कोणी सुखाने रिकामे राहू देत नाही. काही दिवस माझ्यात सुया-दोरे होते, मग खिळे. एका सकाळी मला घासून, पुसून, उन्हात वाळवून माझ्यात साखर भरली. ही बढती होती. फळीवरचे बाकीचे डबे हात लागायची वाट बघत बसत. माझे झाकण दिवसभर उघडझाप करत असे.

धनी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, आणि ‘येथे गाडी लावू नये’ अशाही, ज्यांच्याखाली लोक गाडी लावतात. गल्लीत त्याला सगळे पेंटर म्हणतात, चिडली की बायकोसुद्धा. घराची पुढची खोली हेच त्याचे काम करण्याचे ठिकाण. मधले दार उघडे असले की फळीवरून मला सगळे दिसते. आधी खडू लावलेली दोरी ताणून तो खूण उमटवतो. मग डाव्या हातात काठी धरून तिच्यावर उजवे मनगट टेकतो, श्वास रोखतो आणि ब्रश एका दमात या टोकापासून त्या टोकापर्यंत नेतो. मध्ये थांबला तर जोड दिसतो. त्यानंतर तो कॉफी पीत असे. रेघ सरळ आली तर आनंदाने, वाकडी आली तर दुःखाने. साखर दोन्हीकडे सारखीच लागत असे.

मग एके दिवशी त्याला अक्षरांच्या कडा केसाळ दिसू लागल्या. त्याने चष्मा पुसला, ब्रश बदलला, खिडकी उघडली, रंगाच्या कंपनीला नावे ठेवली. शेवटी बायकोने त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले आणि सांगितले की रक्तातली साखर चढली आहे. ती अशी वरखाली होत राहिली की डोळे बिनसतात. तिला जागेवर ठेवले तर नजर बहुधा जागेवर येईल; नाही ठेवले तर नजर कायमची अधू होऊ शकते. गोळी सुरू झाली. साखर बंद. पाव, भात, बटाटा यांना दुरून नमस्कार. अंडी, मासे, पालेभाज्या, शेंगदाणे, दही चालेल.

नेमके त्याच सुमारास गावातल्या नव्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई घरी आल्या. त्यांना दर्शनी पाटी हाताने रंगवलेली हवी होती, यंत्राने कापलेली प्लॅस्टिकची अक्षरे नकोत. खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहोचेल एवढी फळी, त्यावर मोठी अक्षरे आणि अक्षरांखाली एक लांब सरळ रेघ. पेंटरने काम घेतले. बाई गेल्यावर तो बायकोला म्हणाला की ही रेघ जमली तर मी पेंटर, नाही जमली तर ब्रश धुऊन ठेवून देतो. तो थट्टा करत नव्हता. त्याला दुसरे काही येत नव्हते आणि दुसरे काही करायची इच्छाही नव्हती.

त्याच दिवशी मला रिकामे करण्यात आले. बायकोने माझ्यातली साखर शेजारी देऊन टाकली. मी रिकामा फळीवर बसलो आणि खरे सांगायचे तर मला अपमान वाटला नाही. माणसाच्या नजरेपुढे माझी काय मिजास?

अपमान लोकांना वाटला. पेंटर वर्षानुवर्षे कॉफीत साखरेचे ढीग ओतत होता, तेव्हा त्याच्या तब्येतीविषयी गल्लीत कोणाचे काहीच मत नव्हते. त्याने साखर सोडताच घरटी एक तज्ज्ञ निघाला. इस्त्रीवाला म्हणाला की पाव सोडणारी माणसे चिडकी होतात. आणि पेंटर चिडतो का हे बघायला दारात बराच वेळ उभा राहिला. शेवटी पेंटर चिडला, तेव्हा समाधानाने निघून गेला. शेजारचे निवृत्त मास्तर रोज येत. त्यांचा विषय इतिहास होता, पण आहारावर बोलताना ते अडत नसत.

“मेंदूला साखर लागते, पेंटर. उद्या स्वतःचं नाव विसराल.”

“पाटी करून दाराला लावतो,” पेंटर म्हणाला.

तो सहसा वाद घालत नसे. कोणी केकची बशी पुढे केली तर हसून नको म्हणे. एवढ्याने काय होतंय, असे विचारले तर तो म्हणे की काही होऊ नये म्हणूनच खात नाही. आणि हळूहळू अक्षरांच्या कडांवरचे केस गळू लागले. त्याने एका शिंप्याची पाटी केली, छोटीशी, पण सुबक. डॉक्टरीणबाई खूश झाल्या. कमरेचा पट्टा आतल्या भोकात गेला.

हा पट्टाच घातक ठरला, कारण त्याची बातमी ताईंपर्यंत पोहोचली.

ताई म्हणजे पेंटरची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवले. बातमी ऐकताच त्या बॅग घेऊन आल्या, भावाच्या गालांकडे बघितले आणि पदराने डोळे पुसले. किती वाळलास रे, बायको जेवायला घालत नाही का, असे त्यांनी त्याला विचारले. पण बघितले भावजयीकडे. मग त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले. पेंटरच्या बायकोने पदर खोचून विरोध करायचे ठरवले होते. पण फुकट आराम मिळतोय म्हटल्यावर तिने तो विचार पुढे ढकलला.

दुसऱ्याच दिवशी ताई बाजारातून पिशवी घेऊन आल्या. घरात कोणी नव्हते. त्यांनी मला फळीवरून उतरवले, काठोकाठ साखर भरली आणि सगळ्यांत वरच्या फळीवर, कोणी न वापरणाऱ्या मोठ्या पातेल्यामागे नेऊन ठेवले. मित्रांनो, मी पुन्हा कामावर रुजू झालो होतो. फक्त कोणाला सांगायचे नव्हते.

कॉफीत साखर घालण्याइतक्या ताई भोळ्या नव्हत्या. साखर सुटलेल्या माणसाची जीभ तल्लख होते, त्याला कॉफीत लगेच कळले असते. त्यांनी टोमॅटोचे सूप गाठले. आंबट जास्त ठेवायचे आणि त्याखाली मला लपवायचे. काकडीच्या दह्यात चिमूटभर. कुस्करलेल्या फ्लॉवरमध्ये उकडलेला बटाटा वेष बदलून बसू लागला. ऑम्लेटात पावाचा चुरा शिरला. पेंटर वाट्यांवर वाट्या सूप प्यायचा आणि बायकोला ऐकू जाईल असे म्हणायचा की ताईच्या हाताला काही वेगळीच चव आहे. ताई खाली मान घालून हसत. ती वेगळी चव वरच्या फळीवर पातेल्यामागे बसलेली होती.

एवढ्यात वाचनालयाची फळी आली. पुढच्या खोलीत ती आडवी लावली, तिला अस्तराचा रंग दिला, घासली, पुन्हा रंग दिला. अक्षरे खडूने आखून झाली. पेंटरने रंग भरायला घेतला आणि तिसऱ्या अक्षरावर थांबला. कड पुन्हा केसाळ झाली होती. त्याने कापडाने अक्षर पुसून टाकले. पुन्हा काढले, पुन्हा पुसले. खिडकी उघडली नाही, रंगाच्या कंपनीलाही काही बोलला नाही. या वेळी त्याला कारण ठाऊक होते. फक्त ते आले कुठून, ते कळत नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. साखर पुन्हा चढली होती. त्यांनी त्याला प्रेमाने विचारले की चोरून काय खाता. तो काही नाही म्हणाला. त्या म्हणाल्या की सगळे असेच म्हणतात.

आता गंमत बघा. पथ्य पाळल्याबद्दल त्याला बोलणारे होतेच. त्यांत आता पथ्य मोडल्याबद्दल बोलणारे आले. बायकोने त्याच्या खिशात केकचे कण शोधले. इस्त्रीवाला म्हणाला की एवढी उपाशी माणसे शेवटी चोरून खातातच, तो तरी काय करणार. मास्तर म्हणाले की मेंदूला साखर न मिळाल्यामुळेच नजर गेली, आपण आधीच सांगितले होते. आपण आधीच सांगितले होते, या एका गोष्टीवर साऱ्या गल्लीचे एकमत झाले.

त्या दुपारी जेवायला तिघे बसले. पेंटरने सुपाला हात लावला नाही. तो अगदी शांतपणे म्हणाला की ग्रंथपालबाईंना उद्या निरोप देतो. फळी त्यांनी घेऊन जावी आणि यंत्रवाल्याकडून अक्षरे कापून लावावीत. बायको म्हणाली की निदान मला तरी खरे सांगा, कुठे जाऊन खाता. तो म्हणाला की मी खरेच सांगतोय आणि आता सांगूनही दमलो आहे.

ताई उठल्या. त्यांनी स्टूल ओढले, त्यावर चढल्या, पातेले सरकवले आणि मला खाली आणून टेबलाच्या मधोमध ठेवले. मी अर्ध्याहून जास्त रिकामा होतो.

“हा बघ तुझा चोर. आणि ही मी.”

बायकोने सुपाकडे बघितले, मग फ्लॉवरकडे, मग ऑम्लेटकडे. एकेका पदार्थावरचा तिचा विश्वास उडताना मला दिसत होता. ताई सांगत होत्या की त्यांना त्याचे बसलेले गाल बघवले नाहीत. लहानपणी तो असाच दिसायचा, बरगड्या मोजाव्यात असा, आणि पावावर साखर भुरभुरून दिली की तेवढाच हसायचा. त्यांना वाटले की ते दिवस परत आले.

पेंटरने माझे झाकण उघडले, आत बघितले आणि पुन्हा लावले.

“ताई, तेव्हा घरात दुसरं काही नव्हतं, म्हणून तू साखर दिलीस. आता अंडी आहेत.”

“गाल बसलेत तुझे.”

“गाल नाही, पोट बसलंय. त्या पोटाला तू तब्येत म्हणायचीस.”

ताईंना हसू आले आणि रडू आले, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे ठसका लागला. बायकोने पाणी दिले, पण जरा उशिरा दिले. तेवढा हक्क तिला होता.

निरोप गेला नाही. पेंटरने ग्रंथपालबाईंकडे थोडी मुदत मागितली. ताई परत जाणार होत्या, पण त्याने जाऊ दिले नाही. स्वयंपाक तूच कर, म्हणाला. त्यांनी तो साखरेशिवाय, पावाशिवाय, बटाट्याशिवाय केला. सूप पूर्वीसारखे राहिले नाही, पण तसे कोणी बोलले नाही. डॉक्टरीणबाईंना सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्यांनी आधी हसून घेतले आणि मग ताईंचेही रक्त तपासायला घेतले. त्यात काय निघाले ते ताईंनी कोणाला सांगितलेले नाही. तेव्हापासून त्याही कॉफीत साखर घेत नाहीत, एवढेच मला माहीत आहे.

नजर जागेवर आली. अक्षरे झाली. रेघ ओढायच्या सकाळी मधले दार उघडे होते. पेंटरने मनगट काठीवर टेकले. ताई आणि बायको दारात उभ्या होत्या आणि पेंटरऐवजी त्याच श्वास रोखून होत्या. ब्रश या भिंतीकडून निघाला आणि त्या भिंतीपर्यंत गेला. मध्ये कुठेच थांबला नाही.

पाटी वाचनालयावर चढली, तेव्हा मास्तर केक घेऊन आले. आनंदाच्या दिवशी नाही म्हणायचे नसते, असे दारातूनच म्हणत त्यांनी मोठा तुकडा पेंटरच्या तोंडाशी नेला. ताई मध्ये उभ्या राहिल्या.

“मास्तर, त्याला विचारलंत का?”

मास्तरांनी आयुष्यात प्रथमच प्रश्न विचारला. पेंटर नको म्हणाला. मास्तरांनी तो तुकडा स्वतः खाल्ला आणि पाटी चांगली झाल्याचे मान्य केले.

मित्रांनो, मी आता पुन्हा खालच्या फळीवर आहे, उघड्यावर, भरलेला. घरात येणारे मला मागतात. पेंटर स्वतःच्या हाताने मला त्यांच्यापुढे ठेवतो आणि आपली बिनसाखरेची कॉफी पितो. कोणाला मी चालतो, कोणाला नाही. ज्याचे त्याचे शरीर आणि ज्याचे त्याचे डॉक्टर. माझी काही तक्रार नाही. तुमच्याकडे माझ्या दोनच विनंत्या आहेत. माझ्यात ओला चमचा घालू नका, माझे खडे होतात. आणि माझ्यातला चमचा दुसऱ्याच्या कपात घालण्याआधी, कितीही माया असली तरी, त्याला एकदा विचारा.