दाढेची चौथी खेप

“कोनाले पटनार नाही, डॉक्टरीनबाई,” खुर्चीत आडवा होता होता धनीराम म्हणाला, “पन नागझिऱ्याच्या वाघाची दाढ मी उपटली. बैलाच्या दाव्यानं.”

“अन् वाघ गप बसला?” डॉक्टर रुचितानं हातमोजे चढवत विचारलं.

“गप कायचा! रडून राहिला होता बिचारा. पाठीवरून हात फिरवला, तवा गेला.”

ती हसली. त्याच्या गावी, सानगडीत, आता असं कोणी हसत नव्हतं. धनीराम येताना दिसला की पानठेल्यावरचे लोक गाड्यांना किक मारत. बायको चंद्रभागाबाई गेल्यावर घरात तर हुंकार भरायलाही कोणी उरलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी रुचितानं त्याला नीट समजावलं होतं. दाढेतली नस सडली आहे; ती काढून, मुळं साफ करून एकाच बैठकीत दाढ भरता येते. नाहीतर आत औषध ठेवून, आठवड्याच्या अंतरानं तीन खेपा.

“पू झालेला नाही. दोन्हीनं सारखीच बरी होईल. एकदाच करून टाकू बाबाजी, साकोलीपर्यंत बसनं यायचा तरास वाचेल.”

“एकदाच केलं तर तोंड किती वेळ उघडं ठेवा लागते?”

“तासभर तरी.”

“तासभर मुका? नाही जमत बाई. तीन खेपा करू.”

तिसऱ्या खेपेला तो म्हणाला, अजून ठणकते. रुचितानं आतलं औषध बदललं, वरून कच्चं सिमेंट लावलं आणि पुन्हा बोलावलं. आज ट्रेमध्ये दाढ कायमची भरायचं सामान मांडलेलं होतं. ते एकदा बसलं, की इथं यायला काही कारण उरणार नव्हतं. धनीरामनं खुर्चीचा हात घट्ट धरला.

“दुखते का अजून?”

“रातभर डोळा नाही लागला.”

“थंड झोंबते?”

“झोंबते ना! पानी पेवासा जीव नाही होत.”

रुचितानं कापसाच्या बोळ्यावर थंडगार फवारा मारला आणि तो अलगद त्याच दाढेला टेकवला.

“अवो माय!” धनीराम अर्धा उठला. डोळ्यांत पाणी आलं. ते मात्र त्याला आणावं लागलं नाही.

रुचितानं बोळा बाजूला ठेवला. तोंडावरचा मास्क खाली ओढला.

“बाबाजी,” ती म्हणाली, “थंड नसेलाच कळते. ह्या दाढेची नस तर मी पहिल्या खेपेलाच काढली.”